भूवेधी रडार : जमीन न उकरता ओल मोजण्याचे तंत्र

पिकाला मिळणारे पाणी आकाशातून पडलेले असो, विहिरीतून उपसलेले असो वा कालव्यातून आलेले असो. ते पिकाच्या उपयोगी पडते ते जमिनीच्या मार्फतच. मुळांच्या कक्षेतील मातीने जेवढे पाणी धरून ठेवले असेल, तेवढेच पिकाच्या वाट्याला येते. धरणातील साठा दशलक्ष घनमीटरांत मोजला जातो, पाऊस मिलिमीटरांत मोजला जातो, कालव्याच्या विसर्गाची नोंद ठेवली जाते. परंतु या साखळीतील शेवटचा आणि पिकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा साठा, म्हणजे खुद्द शेतातील मातीत मुरलेले पाणी, हा मात्र बहुधा अंदाजानेच ठरविला जातो.

हा अंदाज चुकला तर त्याची किंमत मोठी असते. सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील रब्बी ज्वारीचे पीक मुख्यत्वे पावसाळ्यात जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. पेरणीनंतर पाऊस पडेलच याची शाश्वती नसते. अशा वेळी जमिनीत दोन फूट खोलवर ओल आहे की केवळ वरचा थर ओला आहे, यावर सबंध हंगामाचे भवितव्य अवलंबून राहते. याच्या उलट, बागायती क्षेत्रात ओलीचा अंदाज नसल्याने गरजेपेक्षा अधिक पाणी दिले जाते. नीरा व प्रवरा यांसारख्या जुन्या कालव्यांच्या लाभक्षेत्रांत पाण्याचा अतिरेक व निचऱ्याचा अभाव यांमुळे चांगल्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला ओल कमी पडते आणि बागायतदाराला ती जास्त होते. दोघांनाही हवी असलेली माहिती मात्र एकच आहे : मुळाशी पाणी किती?

ही माहिती जमीन न उकरता, शेतावरून चालत जाता जाता मिळविण्याचे एक तंत्र शास्त्रज्ञांनी विकसित केले आहे. त्याचे नाव भूवेधी रडार. हे तंत्र काय करू शकते आणि कोठे हतबल ठरते, हे दोन्ही समजून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रचलित पद्धती

मूठभर माती हातात दाबून तिचा गोळा होतो की ती भुरभुरते, हे पाहून वाफसा ओळखण्याची रीत शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. नांगरट व पेरणीची वेळ ठरविण्यासाठी ती पुरेशीही आहे. परंतु पाण्याचा हिशेब करावयाचा तर आकडा लागतो.

हा आकडा मिळविण्याची सर्वांत विश्वसनीय पद्धत म्हणजे मातीचा नमुना काढून तो वजन करणे, १०५ अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत साधारण २४ तास वाळविणे आणि पुन्हा वजन करणे. ओल्या मातीचे वजन १२५ ग्रॅम व वाळल्यानंतरचे १०० ग्रॅम भरले, तर त्या मातीत वजनाने २५ टक्के ओल होती असे म्हणता येते. या आकड्यास मातीच्या घनतेने गुणले की घनफळानुसार ओल किती ते समजते. अन्य सर्व उपकरणांची परीक्षा अखेर याच पद्धतीवरून केली जाते. तिचे दोष मात्र उघड आहेत. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते, प्रत्येक नमुन्यासाठी भोक पाडावे लागते आणि त्याच जागी पुन्हा मापन करता येत नाही.

टेन्शिओमीटर हे उपकरण जमिनीत पुरून ठेवता येते. मुळांना पाणी ओढून घेण्यास किती जोर लावावा लागेल, हे त्यावरून कळते. परंतु जमीन बरीच सुकली, म्हणजे ताण सुमारे ८० सेंटिबारच्या पुढे गेला, की ते निकामी होते. न्यूट्रॉन शोधक खोलवरची ओल चांगली मोजतो. पण त्यात किरणोत्सर्गी द्रव्य असल्यामुळे त्याची हाताळणी व साठवण प्रशिक्षित व्यक्तींकडेच ठेवावी लागते.

या सर्व पद्धतींची एक समान मर्यादा आहे. त्या एका बिंदूवरची ओल सांगतात. शेत म्हणजे एक बिंदू नव्हे. त्याच बांधाच्या आत एका कोपऱ्यात मुरूम वर आलेला असतो, दुसऱ्या बाजूला गाळाचा खोल थर असतो, उताराच्या तळाशी पाणी साचून राहते. दोन ठिकाणच्या नमुन्यांवरून चार एकरांचा निर्णय घ्यावयाचा, तर तो निर्णय निम्म्या शेतासाठी चुकण्याचा संभव असतो.

पाण्याचा विशेष गुण

भूवेधी रडारचे तंत्र पाण्याच्या एका विशेष गुणावर आधारलेले आहे. विद्युत्चुंबकीय तरंग निर्वात पोकळीतून सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. म्हणजेच सेकंदाच्या एक अब्जांश भागात ते ३० सेंटिमीटर अंतर कापतात. हवेतही त्यांचा वेग जवळजवळ तेवढाच असतो. इतर पदार्थांतून जाताना मात्र तो मंदावतो. किती मंदावतो, हे त्या पदार्थाच्या विद्युत् अपारक स्थिरांकावर अवलंबून असते. हा स्थिरांक जितका मोठा, तितका तरंगाचा वेग कमी.

हवेचा अपारक स्थिरांक १ आहे. कोरड्या मातीचा साधारणपणे ३ ते ५ च्या दरम्यान असतो. पाण्याचा मात्र सुमारे ८० असतो. मातीतील खनिजे, हवा आणि पाणी या तीन घटकांपैकी पाण्याचा आकडा इतरांहून इतका मोठा आहे की, ओल थोडीशी वाढली तरी सबंध मातीचा स्थिरांक ठळकपणे वाढतो आणि तरंग मंदावतो. कोरड्या शेतातून तरंग झपाट्याने जातो आणि ओल्या शेतातून रेंगाळत जातो. तेव्हा तरंगाला ठरावीक अंतर कापण्यास लागलेला वेळ मोजला, की मातीतील पाणी मोजल्यासारखेच होते.

या संबंधाला निश्चित गणिती रूप कॅनडात मिळाले. मृदाभौतिकीचे अभ्यासक टॉप आणि त्यांचे सहकारी डेव्हिस व ॲनन यांनी वाळूसर पोयट्यापासून चिकणमातीपर्यंत निरनिराळ्या मातींवर प्रयोग करून १९८० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपारक स्थिरांक माहीत असल्यास घनफळानुसार ओल किती, हे सांगणारे त्यांचे सूत्र जगभर वापरले जाते. त्या सूत्राप्रमाणे स्थिरांक ४ असेल तर ओल सुमारे ५.५ टक्के, ९ असेल तर सुमारे १७ टक्के, १६ असेल तर सुमारे २९ टक्के आणि २५ असेल तर सुमारे ४० टक्के येते. याच तत्त्वावर मातीत धातूच्या सळया खुपसून ओल मोजणारी उपकरणे पुढे प्रचारात आली. भूवेधी रडार त्याच तत्त्वाचा उपयोग सळया न खुपसता करते.

रडार जमिनीत कसे पाहते?

आकाशातील विमानाचा वेध घेणारे रडार सर्वांच्या परिचयाचे आहे. तरंग सोडावयाचा आणि तो आदळून परत येण्यास किती वेळ लागला ते मोजावयाचे, हे त्याचे मूळ तत्त्व. हेच तरंग जमिनीच्या दिशेने सोडता येतील, ही कल्पनाही जुनी आहे. १९२९ मध्ये ऑस्ट्रियातील एका हिमनदीची जाडी रेडिओ तरंगांच्या साहाय्याने मोजण्यात आली होती. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ या मोहिमेतील अंतराळवीरांनी चंद्राच्या पृष्ठभागाखालील थरांचे विद्युत् गुणधर्म अभ्यासण्यासाठी रेडिओ तरंगांचा उपयोग केला. शेतजमिनीच्या संदर्भात १९७९ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मृदा सर्वेक्षणासाठी भूवेधी रडारचा वापर सुरू झाला. फ्लोरिडातील जमीन वाळूसर आहे, ही बाब येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या यंत्राचे मुख्य भाग तीन. एक अँटेना तरंगांचे अतिशय अल्पकालीन स्पंद सोडते, दुसरी अँटेना ते ग्रहण करते आणि नियंत्रक भाग मधला वेळ मोजून नोंद करतो. अँटेना चाकांच्या गाड्यावर अथवा घसरपट्टीवर बसवून शेतातून ओढत नेतात. ठरावीक अंतरावर आपोआप नोंद होत राहते. जागेची नोंद उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने केली, की सबंध शेताचा नकाशा तयार होतो.

ओल मोजण्याच्या दोन रीती विशेष प्रचारात आहेत. पहिल्या रीतीत जमिनीखालच्या एखाद्या थरावरून परत येणाऱ्या तरंगाचा उपयोग करतात. खडकाचा माथा अथवा मातीच्या दोन थरांमधील सीमा किती खोल आहे हे माहीत असेल, तर जाऊन येण्यास लागलेल्या वेळेवरून मधल्या मातीचा वेग आणि वेगावरून ओल काढता येते. हा थर १ मीटर खोल असेल आणि मातीचा अपारक स्थिरांक १६ असेल, तर तरंगाला जाऊन येण्यास एका सेकंदाचे सुमारे २७ अब्जांश लागतात.

दुसऱ्या रीतीत खालून परत येणाऱ्या तरंगाची वाट पाहावी लागत नाही. दोन अँटेनांमध्ये काही अंतर ठेवले असता एक तरंग हवेतून थेट पोचतो, तर दुसरा जमिनीच्या वरच्या थरातून सरकत जातो. यास भूतरंग म्हणता येईल. दोन अँटेनांमधील अंतर १ मीटर असेल, तर हवेतील तरंग सुमारे ३.३ अब्जांश सेकंदांत पोचतो. १७ टक्के ओल असलेल्या मातीतील भूतरंगाला १० अब्जांश सेकंद लागतात, तर २९ टक्के ओल असलेल्या मातीत १३.३ अब्जांश सेकंद लागतात. म्हणजे ओलीतील १२ टक्क्यांचा फरक केवळ ३.३ अब्जांश सेकंदांच्या फरकाने व्यक्त होतो. एक टक्क्याचा फरक ओळखावयाचा, तर एक अब्जांश सेकंदाच्याही चौथ्या हिश्शाएवढा सूक्ष्म काळ अचूक मोजावा लागतो. या तंत्राची सारी भिस्त अशा काटेकोर कालमापनावर आहे.

तरंगाची कंप्रता निवडताना देवाणघेवाण करावी लागते. कंप्रता अधिक असल्यास तपशील बारीक मिळतो, पण तरंग फार खोल जात नाही. कंप्रता कमी असल्यास तो खोल जातो, पण तपशील ढोबळ होतो. शेतीच्या कामासाठी साधारणपणे १०० ते ९०० मेगॅहर्ट्‌झ या पल्ल्यातील अँटेना वापरल्याचे आढळते.

द्राक्षमळ्यातील प्रयोग

प्रयोगशाळेत खरे ठरलेले तंत्र शेतात टिकते का, याची एक उद्‌बोधक परीक्षा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाली. ग्रोट, हबर्ड व रुबिन या संशोधकांनी सुमारे ३ एकरांच्या एका द्राक्षमळ्यात वर्षभरात अनेक वेळा भूतरंगाच्या रीतीने ओल मोजली. ९०० आणि ४५० मेगॅहर्ट्‌झच्या अँटेना वेलींच्या ओळींमधून फिरविण्यात आल्या. मातीच्या वरच्या सुमारे १० सेंटिमीटर थरातील ओल अशा रीतीने दाट नोंदींच्या स्वरूपात उपलब्ध झाली. तिचा पडताळा नमुने वाळवून काढलेल्या आकड्यांशी घेण्यात आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रडारच्या अनुमानातील चूक घनफळाच्या सुमारे एक टक्क्याच्या घरात असल्याचे दिसून आले.

एक टक्का हा आकडा शेताच्या भाषेत मांडून पाहिला पाहिजे. ६० सेंटिमीटर खोलीच्या मातीत एक टक्का ओल म्हणजे ६ मिलिमीटर पाणी. हेक्टरी हिशेब केल्यास हे पाणी ६० हजार लिटर होते. एवढ्या अचूकतेने सबंध शेताची नोंद मिळणे, ही साधी गोष्ट नव्हे.

या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. ऋतू बदलला अथवा पाणी दिले, तर मळ्यातील ओलीचे प्रमाण कमी-अधिक होत असे. परंतु कोणता भाग तुलनेने ओला आणि कोणता कोरडा, याचा नकाशा फारसा बदलत नसे. कारण उघड आहे. पाणी धरून ठेवण्याची शक्ती मातीच्या पोतावर अवलंबून असते आणि पोत वर्षा-सहा महिन्यांत बदलत नाही. यावरून असे म्हणता येते की, रडार दर आठवड्याला शेतात फिरविण्याची गरज नाही. एकदोन वेळा नकाशा तयार करून घेतला, की त्यावरून ओल्या व कोरड्या पट्ट्यांची विभागणी करता येईल आणि प्रत्येक पट्ट्यात एखादे साधे उपकरण कायम ठेवून रोजचे काम भागविता येईल. ठिबक सिंचनाच्या नळ्या टाकताना कोणत्या पट्ट्याला वेगळी झडप द्यावी, हेही अशा नकाशावरून ठरविता येईल. नाशिक व सांगली भागातील द्राक्षबागायतदारांनी ठिबक सिंचन मोठ्या प्रमाणावर स्वीकारले आहे. त्यांच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे.

काळ्या जमिनीची अडचण

असे असले तरी, फ्लोरिडाच्या वाळूत किंवा कॅलिफोर्नियाच्या मळ्यात जे साधले, ते महाराष्ट्रात जसेच्या तसे साधेल असे गृहीत धरता येणार नाही. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात बेसॉल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण बरेच असते. याच चिकणमातीमुळे ती ओल धरून ठेवते व पावसाविना रब्बीचे पीक पोसते. परंतु रडारला अडथळा होतो तो नेमका याच गुणाचा. अशा चिकणमातीतून विद्युत्प्रवाह सहज वाहतो. त्यामुळे तरंगाची ऊर्जा वाटेतच शोषली जाते आणि तो क्षीण होतो. कोरड्या वाळूत अनेक मीटर खोल जाणारा तरंग भारी काळ्या जमिनीत, विशेषतः ती ओली असताना, अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याआधीच विरून जाऊ शकतो. जमिनीत क्षार असतील, तर परिस्थिती याहून बिकट होते.

आणखी दोन बाबी विचारात घ्याव्या लागतात. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना पाण्याचा काही भाग घट्ट चिकटून राहतो. हे बद्ध पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही व त्याचा अपारक स्थिरांक बराच कमी असतो. परिणामी सर्वसाधारण सूत्र वापरल्यास काळ्या जमिनीतील ओल प्रत्यक्षाहून कमी दिसण्याची शक्यता असते. शिवाय उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. भेगांतील हवेमुळे तरंगाच्या वेगाचा अर्थ लावणे कठीण होते.

म्हणून येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. एक म्हणजे, परदेशी सूत्रावर विसंबून न राहता त्या त्या मातीचे नमुने वाळवून स्थानिक पडताळा घेतला पाहिजे. दुसरे म्हणजे, भारी जमिनीत रडारकडून वरच्या थराचीच अपेक्षा ठेवावी आणि खोलवरच्या ओलीसाठी अन्य साधने वापरावीत. याउलट नदीकाठच्या वाळूसर गाळाच्या जमिनी, हलक्या मुरमाड जमिनी आणि किनारपट्टीतील क्षार नसलेल्या रेताड जमिनी या तंत्राला अधिक अनुकूल ठरतात. कोकणातील जांभ्या जमिनीत केओलिनाइट गटातील चिकणमाती असते. तिची विद्युत्वाहकता मॉन्टमोरिलोनाइटपेक्षा कमी असल्याने तेथेही तरंग तुलनेने खोल जाऊ शकतो. एकाच राज्यात हे यंत्र एका तालुक्यात उपयुक्त आणि दुसऱ्या तालुक्यात निरुपयोगी ठरू शकते. खरेदीपूर्वी मातीचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आकडा आणि त्याचा अर्थ

ओलीचा आकडा हाती आला म्हणजे काम संपले असे नाही. २० टक्के ओल हलक्या वाळूसर जमिनीत भरपूर मानली जाईल. तीच ओल भारी काळ्या जमिनीत असेल, तर पीक सुकू लागलेले असण्याचा संभव आहे. कारण तेथील चिकणमाती ते पाणी इतके घट्ट धरून ठेवते की मुळांना ते ओढून घेता येत नाही. प्रत्येक जमिनीच्या दोन मर्यादा माहीत असाव्या लागतात : निचरा झाल्यानंतर ती जास्तीत जास्त किती पाणी धरून ठेवते ही वरची मर्यादा आणि पीक कायमचे सुकते ती खालची मर्यादा. या दोहोंमधील पाणीच पिकाचे. मापनाचा आकडा या दोन मर्यादांच्या मध्ये कोठे बसतो हे पाहिल्यावरच पाणी द्यावे की थांबावे, हे ठरविता येते.

त्याचप्रमाणे वरचा थर व मुळांचा थर यांतील फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. वरचे १० सेंटिमीटर ओले असले तरी खाली कोरड असू शकते, आणि वर माती वाळलेली दिसत असली तरी खाली मुबलक ओल असू शकते. पृष्ठभागावरचे मापन हे सबंध उत्तर नव्हे, तर उत्तराचा एक भाग आहे.

शेत आणि उपग्रह

जमिनीतील ओल आता अंतराळातूनही मोजली जाते. युरोपने २००९ मध्ये आणि अमेरिकेने २०१५ मध्ये खास या कामासाठी उपग्रह सोडले. भारत व अमेरिका यांनी संयुक्तपणे तयार केलेला निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झाला. मातीतील ओलीचा अभ्यास हा त्याच्या उपयोगांपैकी एक आहे. उपग्रह फार मोठे क्षेत्र पाहतात, परंतु त्यांना मुख्यत्वे वरच्या काही सेंटिमीटर थराचीच ओल कळते. भट्टीत वाळविलेला नमुना अचूक असतो, पण तो एका बिंदूपुरता असतो. या दोन टोकांमध्ये असलेली पोकळी, म्हणजे एका शेताच्या आकाराचे मापन, भूवेधी रडार भरून काढू शकते. उपग्रहाने दिलेला आकडा जमिनीवर खरा आहे की नाही, हे तपासण्यासाठीही ते उपयोगी पडते.

हे यंत्र महाग आहे व त्याच्या नोंदींचा अर्थ लावण्यास प्रशिक्षण लागते. प्रत्येक शेतकऱ्याने ते विकत घ्यावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. माती परीक्षण ज्याप्रमाणे प्रयोगशाळेमार्फत होते, त्याप्रमाणे कृषी विद्यापीठे, पाणीवापर संस्था किंवा बागायतदारांच्या सहकारी संस्था यांच्या स्तरावर असे यंत्र ठेवून अनेक शेतांचे नकाशे तयार करणे शक्य आहे. त्यासाठी आधी राज्यातील निरनिराळ्या जमिनींवर त्याची कसोटी लागली पाहिजे.

यंत्र पाणी निर्माण करीत नाही. आहे ते पाणी कोठे आहे, एवढेच ते सांगते. परंतु ज्या प्रदेशात एक संरक्षक पाळी मिळाली तर पीक वाचते आणि न मिळाली तर जाते, तेथे ती पाळी शेताच्या कोणत्या भागाला आधी द्यावी हे नेमके कळणे, हीदेखील पाण्याची बचतच होय. मूठभर माती दाबून वाफसा ओळखणाऱ्या अनुभवी हाताची जागा कोणतेही यंत्र घेणार नाही. जेथे तो हात पोचत नाही अशा बांधापासून बांधापर्यंतच्या विस्ताराची माहिती त्या अनुभवाच्या जोडीला देणे, हेच या तंत्राचे खरे कार्य आहे.